लोकांसाठी वास्तू उभारणारा राजा : राजर्षी छत्रपती शाहू महाराज

करवीरनिवासिनी श्री महालक्ष्मीच्या दर्शनासाठी येणारे असंख्य भाविक दर्शन, प्रदक्षिणा व प्रसाद झाल्यानंतर भवानी मंडप, रंकाळा आणि नवा राजवाडा पाहून परतीच्या प्रवासाला लागतात. वेळेअभावी अनेकांचे पाय मंदिरापासून थोड्याच अंतरावर असलेल्या खासबाग मैदानाकडे व त्याला लागून असलेल्या नाट्यगृहाकडे वळत नाहीत. दसरा चौकातून जाताना भोवतालच्या जुन्या वसतिगृहांकडेही सहसा लक्ष जात नाही. या साऱ्या वास्तूंमागे एकच व्यक्ती उभी आहे. ती म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज. महाराजांचे चरित्र समाजसुधारक म्हणून सर्वांना परिचित आहे. या पानांत ते त्यांनी लोकांसाठी उभारलेल्या वास्तूंच्या अनुषंगाने थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न केला आहे. भाविकांस कोल्हापूर पाहताना आणि दानशूर व्यक्तींस एखाद्या सार्वजनिक वास्तूस हातभार लावताना त्याचा उपयोग व्हावा, हा त्यामागील हेतू आहे.

बालपण व राज्यारोहण

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागल जहागिरीचे अधिपती, तर मातोश्री राधाबाई या मुधोळच्या राजघराण्यातील कन्या होत्या. करवीरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचे डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात दुर्दैवी निधन झाले आणि करवीरची गादी रिकामी झाली. महाराणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू असे ठेवण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे दहा वर्षांचेही नव्हते.

योगायोग असा की, त्याच १८८४ साली कोल्हापुरातील नवा राजवाडा बांधून पूर्ण झाला. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुतज्ज्ञाने त्याचा आराखडा केला होता. येथील मंदिरांतील कोरीव खांब व कमानी, गुजरात-राजस्थानकडील नक्षी आणि युरोपीय मनोरा यांचा मेळ त्याने काळ्या दगडात घातला. याच मँट यांनी कोल्हापूरचे टाऊन हॉलही उभारले होते. त्या पिढीतील जाणकारांना आपल्या वारशाचे दर्शन घडवायचे म्हणजे दगडावर आपली नक्षी उमटवायची, असे वाटत असे. त्या दृष्टीने ही कामे निःसंशय देखणी झाली. बाल शाहू अशा वाड्यात वाढले. मात्र पुढे स्वतः वास्तू उभारण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी वेगळ्याच प्रश्नापासून सुरुवात केली. या वास्तूत कोण बसणार आणि तेथे बसून तो काय करणार, हा तो प्रश्न होता.

राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात व त्यानंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली महाराजांचे शिक्षण झाले. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली. त्यानंतर लगोलग दुष्काळ व प्लेग ही दोन संकटे संस्थानावर कोसळली. गावोगाव हिंडून प्रजेची स्थिती डोळ्यांनी पाहण्याची महाराजांची सवय या काळात अधिक दृढ झाली.

वसतिगृहांचे नगर

खेड्यातील मुलाला शिकावयाचे असेल तर प्रथम त्याला शहरात राहण्यास जागा हवी, हे महाराजांनी ओळखले. या विचारातून १८९६ साली राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींचे एकत्र वसतिगृह सुरू करण्यात आले. हेतू उदात्त होता, पण व्यवहारात तेथे वरिष्ठ वर्गातील विद्यार्थीच राहिले. बहुजन समाजातील मुलांना त्या इमारतीत आपलेपणा वाटला नाही आणि त्यांची संख्या नगण्य राहिली. दार उघडे ठेवले म्हणजे माणूस आत येतोच असे नाही, हा धडा महाराजांना या प्रयोगातून मिळाला.

पुढे १८९९-१९०० च्या सुमारास वेदोक्त प्रकरण उद्भवले. पंचगंगेवरील स्नानप्रसंगी छत्रपतींच्या घराण्यासाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघड झाले आणि राजालाही जातीच्या उतरंडीचा चटका बसला. जिथे राजाची ही अवस्था, तिथे सामान्य रयतेचे काय, हा विचार महाराजांच्या मनातून पुढे कधी गेला नाही. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा ऐतिहासिक हुकूम काढला. परंतु नोकरीसाठी शिक्षण हवे आणि शिक्षणासाठी निवारा हवा, हे सूत्र त्यांनी त्याआधीच पकडले होते.

१९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व मुस्लिम विद्यार्थ्यांची सोय झाली. लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती, वैश्य, सुतार, नाभिक अशा एकामागून एक समाजांची वसतिगृहे पुढील काळात उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली वसतिगृह सुरू झाले व मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येवरून त्याला मिस क्लार्क होस्टेल असे नाव देण्यात आले. १९२० साली प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंगची भर पडली. विद्यार्थी वसतिगृहांची जननी असा कोल्हापूरचा लौकिक झाला तो यामुळेच.

या वसतिगृहांची उभारणी कशी झाली हे देणगीदारांनी आवर्जून समजून घेण्यासारखे आहे. संस्थानाकडून जागा, रोख मदत अथवा वार्षिक उत्पन्न मिळे. परंतु महाराज तेवढ्यावर थांबत नसत. त्या त्या समाजातील जाणत्या मंडळींना पुढे करून त्यांच्याकडून निधी उभा करावयाचा आणि व्यवस्था त्यांच्याच हाती सोपवायची, ही त्यांची पद्धत होती. त्यामुळे इमारत राजाची न राहता समाजाची झाली. जिच्यासाठी आपण वर्गणी दिली, जिच्या पंक्तीत आपली मुले जेवली, ती वास्तू माणूस जिवापाड जपतो. शंभर वर्षे लोटली तरी यांतील अनेक संस्था टिकून राहिल्या, याचे कारण भिंतींच्या जाडीपेक्षा या पद्धतीत अधिक आहे.

जातवार वसतिगृहांमुळे जातिभेद वाढेल, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. आक्षेप निराधार नव्हता. महाराजांचे अंतिम उद्दिष्ट जाती मोडण्याचे होते आणि त्यांचे साधन मात्र जातीच्याच आधारे उभे होते. शिक्षण व आत्मविश्वास आल्यावर या भिंती आपोआप कमी होतील, अशी त्यांची धारणा होती. ती कितपत खरी ठरली, याचे उत्तर त्यांच्याच वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने दिले. कुंभोजचे भाऊराव पाटील हे जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले व महाराजांनी त्यांना राजवाड्यावर आसरा दिला. हेच पुढे कर्मवीर म्हणून ख्यातकीर्त झाले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. १८९६ साली कोल्हापुरात जे साधले नव्हते, ते अठ्ठावीस वर्षांनी साताऱ्यात साधले आणि त्या वास्तूला महाराजांचेच नाव लाभले.

खासबाग मैदान

कोल्हापूरच्या पेठापेठांत तालमी आहेत. तालीम म्हणजे केवळ व्यायामशाळा नव्हे. तांबड्या मातीचा हौद, कोनाड्यात मारुतीराया आणि बाहेरच्या कट्ट्यावर पेठेतील थोरामोठ्यांची बैठक, असे तिचे रूप असते. पेठेचे उत्सव, तंटेबखेडे आणि संकटकाळची मदत या सर्वांचे ते ठिकाण. महाराज स्वतः कसलेले मल्ल होते. त्यांनी तालमींना आश्रय दिला आणि उत्तरेकडील, विशेषतः पंजाबातील नामवंत मल्लांना कोल्हापुरात आणले. कुस्ती पाहण्यासाठी गर्दी लोटू लागली. परंतु सपाट जागेवरील फडात पुढच्या माणसांच्या डोक्यांमुळे मागच्याला काहीच दिसत नसे.

१९०२ साली राजे सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराज विलायतेस गेले. त्या प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागार, म्हणजेच कलोझियम पाहिले. हजारो माणसे एकाच वेळी बसून मध्यभागी चाललेला खेळ पाहू शकतील, अशी ती रचना त्यांच्या मनात भरली. परत आल्यावर त्यांनी त्याची हुबेहूब प्रतिकृती मात्र केली नाही. रोममधील कमानींचे मजले त्यांनी घेतले नाहीत, तर केवळ त्यामागील युक्ती घेतली. १९०७ साली काम सुरू झाले व १९१२ साली मैदान सिद्ध झाले. मध्यभागी मातीचा गोल हौद आणि त्याभोवती बाहेरच्या बाजूस चढत जाणारा मातीचा उतार, अशी ही साधी मांडणी आहे. सुमारे तीस हजार प्रेक्षक येथे बसू शकतात, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. खुर्ची नको, तिकिटाची उंच जागा नको. शेतकरी घोंगडे टाकून जिथे बसेल, तिथून त्याला हौदातील डाव दिसतो.

हौदातील मातीलाही परंपरा आहे. तांबडी माती चाळून तीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून ती मुरवितात. मातीत उतरण्यापूर्वी मल्ल ती कपाळाला लावतो. विलायतेत पाहिलेली कल्पना महाराजांनी अशा रीतीने येथील मातीत रुजविली. या मैदानात कोरीव खांब नाहीत, शिखर नाही, तरीही ते पाहताक्षणी कोल्हापूरचे वाटते. कारण येथील माणसे जे करतात, त्याच्याच मापाने ते बेतलेले आहे.

पॅलेस थिएटर

मैदानाला लागूनच महाराजांनी नाटकांसाठी बंदिस्त नाट्यगृह उभारण्याचे ठरविले. १९१३ साली त्याचा पाया घातला गेला आणि १९१५ साली ते खुले झाले. त्या वेळी त्याचे नाव पॅलेस थिएटर असे होते. तोवर बहुतेक नाटक कंपन्या गावोगाव तात्पुरत्या मांडवात अथवा साध्या थिएटरात खेळ करीत. बांबू-लाकडाचे खांब, पावसाचा त्रास आणि आगीची भीती ही त्यांची नित्याची अडचण. महाराजांनी दगडी भिंतींचे, प्रशस्त रंगमंचाचे व प्रेक्षागृहात नजरेआड करणारा खांब नसलेले नाट्यगृह बांधून घेतले. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात गायक नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, ही येथील खरी कसोटी होती. नाट्यगृहाच्या पाठीमागे मैदानाकडे तोंड करून खुले व्यासपीठही ठेवले गेले. एका बाजूस संगीत नाटक आणि दुसऱ्या बाजूस कुस्ती, अशी ही जोडवास्तू झाली. सुशिक्षितांची कला व रांगड्यांचा खेळ असा भेद महाराजांनी जागेच्या मांडणीतच पुसून टाकला.

वास्तूबरोबर तीत नांदणाऱ्या कलावंतांचीही त्यांनी काळजी घेतली. गायनसम्राट अल्लादियाखाँ हे त्यांच्या दरबारचे गवई होते. चित्रकार आबालाल रहिमान यांना त्यांनी आश्रय दिला. बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगविता रंगविता चित्रपटकलेचा ध्यास घेतला आणि पुढे १९२० साली त्यांचा सैरंध्री हा चित्रपट प्रसिद्ध झाला. कोल्हापूरचे सुपुत्र, ललितकलादर्श मंडळीचे संस्थापक केशवराव भोसले यांना महाराजांचा पाठिंबा लाभला. केशवरावांचे १९२१ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी निधन झाले. पुढे १९५७ साली या नाट्यगृहास त्यांचे नाव देण्यात आले व तेव्हापासून ते संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले जाते.

देवळातील शाळा आणि खुली धर्मशाळा

१९१७ साली महाराजांनी संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. गावोगावी शाळा काढावयाच्या, पण इमारती नव्हत्या. इमारत होईपर्यंत शिक्षण थांबविणे महाराजांना मान्य नव्हते. देऊळ, चावडी, धर्मशाळा, जी वास्तू गावात उभी असेल तीत शाळा भरवावी, असे त्यांचे धोरण होते. देवाच्या सभामंडपात मुले अक्षरे गिरवू लागली. आपल्याकडील देऊळ हे पूर्वीपासूनच केवळ पूजेचे स्थान नव्हते. कीर्तन, पुराण, पंचायत आणि वाटसरूचा मुक्काम हे सारे त्याच्या ओसरीत होत असे. महाराजांनी या जुन्या परंपरेत शाळेची भर घातली.

१९१९ साली त्यांनी आणखी एक पाऊल उचलले. सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, पाणवठे, शाळा व दवाखाने येथे अस्पृश्यता पाळू नये, सर्वांना समानतेने वागवावे, असे हुकूम त्यांनी काढले. वास्तू कितीही भव्य असली तरी तिच्या पायरीवर कोणाला अडविले जात असेल तर ती सार्वजनिक नव्हे, अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती. त्याच वर्षी कानपूर येथे कुर्मी क्षत्रिय समाजाने त्यांना राजर्षी ही पदवी दिली. १९२० साली माणगाव येथील परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाचा जाहीर गौरव केला.

अखंड श्रमांनी महाराजांची प्रकृती ढासळली आणि ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना अठ्ठेचाळिसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

वारसा आणि आपली जबाबदारी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहास भीषण आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छत कोसळले, रंगमंच व आसने जळून गेली. दगडी भिंतींचा बराचसा भाग मात्र उभा राहिला. सकाळी जमलेल्या कलावंतांना व रसिकांना अश्रू आवरले नाहीत. त्या गर्दीत केवळ नाटकवालेच नव्हते, तर ज्यांनी लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या रंगमंचावर पाऊल ठेवले होते अशी सर्वसामान्य माणसेही होती. पूर्वीच्याच स्वरूपात नाट्यगृह पुन्हा उभारण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला. शंभर वर्षांपूर्वीची वास्तू जशीच्या तशी हवी, हा लोकांचा आग्रह केवळ तिच्या देखणेपणासाठी नव्हता. ती त्यांची होती, म्हणून तो होता.

आमच्या कार्यालयात येणारे देणगीदार पुष्कळदा विचारतात की, भक्तनिवास किंवा सभागृह बांधावयाचे तर ते आपल्या संस्कृतीला साजेसे कसे दिसावे. शिखर असावे का, कमानी असाव्यात का, काळा दगड वापरावा का? हे प्रश्न योग्यच आहेत. मंदिराच्या परिसरात मंदिराशी विसंगत असे काही उभे राहू नये, याची काळजी घेतलीच पाहिजे. परंतु महाराजांचे चरित्र वाचल्यावर त्याआधीचे काही प्रश्न मनात येतात. लांबून पायी आलेल्या वृद्धेला येथे टेकण्यास ओटा आहे का? शेवटच्या रांगेत बसलेल्यास कीर्तनकार दिसतो व ऐकू येतो का? दर्शनाला आलेल्या गरीब कुटुंबास दाराशी संकोच वाटेल का? पुढील पन्नास वर्षे या वास्तूची देखभाल कोण करणार, आणि ती आपली आहे असे त्याला वाटेल का? या प्रश्नांची उत्तरे ज्या आराखड्यात मिळतील, त्यावर नक्षी शोभून दिसेल. ती मिळत नसतील, तर नक्षी केवळ दर्शनी राहील.

दर्शनानंतर थोडा वेळ काढून भाविकांनी खासबाग मैदानाच्या उतारावर क्षणभर जरूर बसावे. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यास वंदन करून भोवतालच्या वसतिगृहांकडे दृष्टी टाकावी आणि नर्सरी बागेतील समाधिस्थळी नतमस्तक व्हावे. ज्या राजाने रयतेच्या बसण्याची, राहण्याची व शिकण्याची सोय हीच देवाची सेवा मानली, त्याच्या नगरीत आपण आलो आहोत, याची जाणीव ठेवून घरी परतावे. आई महालक्ष्मी आपणा सर्वांस अशाच लोकोपयोगी कार्याची प्रेरणा देवो, ही तिच्या चरणी प्रार्थना.